झोंबीची प्रेमकथा पटली का? टेस्ट स्क्रीनिंग लावून प्रेक्षकांचं खरं मत कसं काढावं

हसवणारी, दचकवणारी आणि वर प्रेमकथाही असलेली फिल्म हातात असली की ‘आवडली का?’ या प्रश्नाचा काही उपयोग राहत नाही. ‘हो’ म्हणणाऱ्याला विनोद आवडलेला असतो, ‘नाही’ म्हणणाऱ्याला रक्त सहन झालेलं नसतं आणि फिल्ममधल्या जोडीचं जमलं ते कुणाला पटलं की नाही, हे कागदावर येतच नाही. म्हणून हसू, भीती आणि प्रेम या तिन्हींची नोंद वेगवेगळी घ्यायची, ती मिनिटानुसार घ्यायची आणि प्रेक्षक एकमेकांशी बोलायच्या आधी घ्यायची. टेस्ट स्क्रीनिंगची, म्हणजे फिल्म पक्की होण्याआधी ती ठरावीक प्रेक्षकांना दाखवून मत घेण्याची, खाली दिलेली पद्धत ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायटी हॉलमध्ये, ३० ते ४० माणसांत, फारसा खर्च न करता जमण्यासारखी आहे.

कट (फिल्मची संकलित आवृत्ती) कितपत तयार हवा

व्हीएफएक्स (संगणकावर केलेली दृश्यं) अपुरे असले तरी चालेल. कलर ग्रेडिंग (रंगांची शेवटची जुळवणी) झालेलं नसलं तरीही चालेल, फक्त रक्ताचा रंग ग्रेडिंगआधी गुलाबी किंवा शेंदरी दिसू शकतो, तेवढं सुरुवातीला सांगून ठेवा. पण आवाज अपुरा असेल तर खेळ लावू नका. दचकवणारा प्रसंग चित्रापेक्षा आवाजावर जास्त उभा असतो. दाराचा करकराट, त्याआधीची शांतता, मग अचानक येणारा आघात यांतलं काहीच नसेल तर प्रेक्षक घाबरणार नाही आणि तुम्ही चांगला प्रसंग कापून टाकाल. निदान कच्चं साऊंड डिझाइन, ऐकू येणारे संवाद आणि तात्पुरतं पार्श्वसंगीत हवंच. दुसऱ्या कुठल्या गाजलेल्या फिल्मचं संगीत तात्पुरतं वापरलं असेल तर प्रेमाच्या प्रसंगांत ते ठेवू नका. लोक त्या गाण्याच्या आठवणीने भारावतात आणि श्रेय तुमच्या प्रसंगाला मिळतं.

स्वतःची नाही तर आधी प्रदर्शित झालेली फिल्म दाखवून चर्चा करायची असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. ओटीटीचं घरगुती सबस्क्रिप्शन घरात पाहण्यापुरतं असतं, ते हॉलमध्ये लावून चालत नाही. आणि स्वतःच्या फिल्मला अजून सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसेल तर फलक लावून सगळ्यांना बोलावू नका. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक खेळ करता येत नाही. ठरावीक माणसांना नावानिशी आमंत्रण द्या, तिकीट लावू नका.

कुणाला बोलवायचं

वीसच्या खाली माणसं असली की हशा पिकत नाही. माणूस रिकाम्या हॉलमध्ये एकटा मोठ्याने हसत नाही. चाळीसच्या वर गेलं की फॉर्म, नोंदी आणि चर्चा आवरत नाहीत. ४० जणांना आमंत्रण द्या, ३० येतील असं धरून चला.

कलाकारांचे नातेवाईक, युनिटमधली माणसं आणि पटकथा वाचलेले मित्र यांना या खेळाला बोलवू नका. त्यांना कौतुकासाठी वेगळा खेळ ठेवा. उरलेल्यांचे ढोबळ तीन भाग करा: झोंबीपट आवडीने पाहणारे दहा, भयपटांच्या वाटेला न जाणारे दहा आणि महिन्याला एखादा सिनेमा पाहणारे, कुठल्याच प्रकाराचे भक्त नसलेले दहा. यातला तिसरा गट सर्वांत महत्त्वाचा आणि जमवायला सर्वांत अवघड असतो. नाट्यसंस्थेच्या ग्रुपवर निरोप टाकला तर सगळे नाटकवाले येतात. त्यापेक्षा सोसायटीचा ग्रुप, योगवर्ग, वाचनालय, रोजच्या लोकलचा ग्रुप अशा चार ठिकाणांहून पाच-सात जण उचला. नवरा-बायको दोघं आले तर चांगलंच, पण त्यांना शेजारी बसवू नका. शेजारी बसली की दोन फॉर्मवर एकच मत येतं.

निरोपात फिल्मचा प्रकार स्पष्ट लिहा: ‘झोंबी आहेत, रक्त आहे, विनोद आहे आणि प्रेमकथा आहे.’ प्रकार लपवून बोलावलेला माणूस पहिली वीस मिनिटं रागावलेला असतो. लख्ख उघडझाप करणारे दिवे असतील तर तेही लिहा, अपस्माराचा त्रास असलेल्या काहींना ते धोक्याचं ठरू शकतं. लहान मुलांना आणू नका हेही त्याच निरोपात सांगा.

दिवस, वेळ आणि हॉल

रविवार टाळा. मध्य आणि हार्बर मार्गांवर रविवारी दिवसा बहुधा मेगाब्लॉक असतो. कळव्याहून किंवा ऐरोलीहून निघालेला माणूस अर्ध्या तासाने उशिरा पोचतो आणि झोंबींचे नियम सांगणारा पहिला प्रसंग नेमका त्याचा चुकतो. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू करा. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांना सहाची वेळ सांगा. शंभर मिनिटांची फिल्म सव्वाआठच्या आत संपते, फॉर्म साडेआठपर्यंत होतात, चर्चा नऊपर्यंत. रात्री उशीर झाला की लोक घड्याळाकडे बघत फॉर्म भरतात. क्रिकेटचा मोठा सामना त्या दिवशी नाही ना, तेही पाहून घ्या.

झोंबीपटातले निम्मे प्रसंग अंधारातले असतात आणि सोसायटीच्या हॉलचे पडदे पातळ असतात. पॅसेजमधल्या ट्यूबलाइटचा उजेड दाराखालून आला तरी पडद्यावरचा काळोख राखाडी होतो, मागून येणारा झोंबी दिसतच नाही. खिडक्यांना काळं कापड लावा, दाराची फट सतरंजीने बंद करा. प्रोजेक्टर ३००० ल्युमेन्सचा पुरतो. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर तीन मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर पडद्यापासून साडेचार मीटरवर ठेवावा लागतो. शेवटची रांग पडद्यापासून नऊ मीटरच्या आत ठेवा.

आवाजाची गडबड इथे नेहमी होते. एचडीएमआय जोडली की लॅपटॉप आपला आवाज प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे पाठवतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बाहेरच्या स्पीकरकडे वळवा. दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर हवेत. गुळगुळीत टाइल्समुळे हॉल घुमतो, म्हणून पुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरा. मग पंखे चालू ठेवून शेवटच्या रांगेत बसा आणि फिल्ममधला सर्वांत हळू बोललेला प्रेमाचा संवाद लावा. तो तिथे कळला नाही तर आवाज वाढवा. सर्वांत मोठ्या किंकाळीला स्पीकर फाटत असेल तर बेस कमी करा. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असलेला हॉल घेऊ नका. सर आली की संवादही जातात आणि हशाचं रेकॉर्डिंगही.

खाणं नंतर. वडापाव आधी दिला तर कागदाचा चुरचुर आवाज दहा मिनिटं चालतो, शिवाय आतडी बाहेर येणारा प्रसंग कुणाला कितपत झेपला हे पोटाच्या तक्रारीवरून ठरायला लागतं. आधी फक्त पाणी, चहा-वडापाव फॉर्म दिल्यावर.

अंधारातल्या नोंदी

हे काम दोघांचं, आणि त्यांतला एकही दिग्दर्शक नसावा. एक जण मागच्या कोपऱ्यात, दुसरा पुढे बाजूला, प्रेक्षकांचे चेहरे दिसतील असा बसवा. प्रत्येकाकडे पॅड, पेन्सिल आणि मंद प्रकाश पडेल असं वेळ दाखवणारं घड्याळ. फिल्म सुरू होताच दोघांनी स्टॉपवॉच एकदम सुरू करायचं. नोंदीसाठी अक्षरं ठरवून घ्या: ‘ह’ म्हणजे हशा, ‘द’ म्हणजे दचकणं, ‘कि’ म्हणजे किळस (तोंड फिरवणं, ओढणी डोळ्यांवर घेणं), ‘चु’ म्हणजे चुळबुळ, ‘मो’ म्हणजे मोबाइल काढला, ‘शां’ म्हणजे गाढ शांतता. अक्षरापुढे किती जण ते आकड्यात. ‘४१:२० ह १५’ एवढं पुरतं.

शांतता लिहून ठेवायला विसरू नका. हशा रेकॉर्डिंगवरही मिळतो, पण प्रेमाचा प्रसंग चालला आहे याची खूण म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा आवाज थांबणं, आणि ते माणसालाच टिपावं लागतं.

हशाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका. विनोदावरचा हशा एकदम फुटतो आणि एकदम ओसरतो. फिल्मला हसणारा हशा एका कोपऱ्यातून सुरू होतो, थोडा उशिरा येतो आणि त्याच्या मागून कुजबुज येते. प्रेमाच्या प्रसंगात दुसऱ्या प्रकारचा हशा आला तर ‘ह’भोवती गोल करा. अख्ख्या संध्याकाळची सर्वांत कामाची नोंद म्हणजे हे गोल.

याशिवाय एक फोन फ्लाइट मोडवर टाकून पडद्याजवळ, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा आणि फक्त आवाज रेकॉर्ड करा. व्हिडिओची गरज नाही, अंधारात काही दिसत नाही आणि जागा भरून फोन मध्येच बंद पडतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये फिल्मचाही आवाज येतो, त्यामुळे एडिटच्या टाइमलाइनवर (संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या वेळेच्या पट्टीवर) ते नेमकं जुळवता येतं. रेकॉर्डिंग होणार आहे हे सुरुवातीला सांगा आणि हजेरीच्या कागदावर त्याची लेखी संमती घ्या.

फॉर्म

ए-फोरच्या एका बाजूला मावेल एवढाच, कागदावर, पेन्सिलीसह. लिंक पाठवू नका. ‘घरी गेल्यावर भरतो’ म्हणणारे बहुतेक भरत नाहीत, आणि जे भरतात त्यांनी तोवर रिक्षात बसून शेजाऱ्याचं मत ऐकलेलं असतं. दिवे लागताच फॉर्म वाटा, सात मिनिटं कुणीही बोलायचं नाही असं हसून पण ठामपणे सांगा. नाव विचारू नका. वयोगट आणि ‘याआधी किती झोंबीपट पाहिलेत: एकही नाही, एक ते पाच, पाचपेक्षा जास्त’ एवढं पुरे. ठाण्यात बरेच जण २०२२च्या ‘झोंबिवली’शी तुलना करतील, कारण डोंबिवली इथून चार-पाच स्टेशनांवर आणि तोही विनोदी भयपट. तुलना करू द्या, फक्त ती कोण करतंय हे फॉर्मवर कळलं पाहिजे.

प्रश्न असे घाला:

१. फिल्मची गोष्ट दोन ओळींत लिहा.
२. हसू, भीती, प्रेम: प्रत्येकाला १ ते ५ गुण, वेगवेगळे.
३. त्या दोघांचं जमावं असं तुम्हाला कुठल्या प्रसंगापासून वाटू लागलं? वाटलं नसेल तर तसं लिहा.
४. झोंबी कसा होतो, कशाने मरतो, परत माणूस होऊ शकतो का? फिल्ममधून काय कळलं ते लिहा.
५. कुठल्या प्रसंगात लक्ष उडालं?
६. कुठला प्रसंग नको इतका किळसवाणा वाटला?
७. ही फिल्म कुणासोबत पाहाल: एकट्याने, मित्रांसोबत, जोडीदारासोबत, घरच्यांसोबत, कुणासोबतच नाही?
८. किती वयाच्या पुढच्यांना दाखवावी: ७, १३, १६, १८?

पहिल्या प्रश्नात बरंच काही असतं. तीसपैकी वीस जणांनी दोन ओळींत प्रेमाचा उल्लेखच केला नाही, तर तुमची प्रेमकथा उपकथा झाली आहे, मग तिला गुण कितीही मिळोत. तिसरा प्रश्न तर या प्रकारच्या फिल्मचा कणाच. चौथा यासाठी की झोंबीचे नियम प्रेक्षक घरून घेऊन येतो. हळू चालणारे, माणूस खाणारे, डोक्यावर घाव घातल्याशिवाय न मरणारे झोंबी १९६८च्या जॉर्ज रोमेरोच्या चित्रपटापासून रूढ झाले. तुमचा झोंबी प्रेमात पडून बरा होत असेल तर तो नियम वेगळा मांडावाच लागतो. मांडला गेला नाही की शेवट ‘पटला नाही’ म्हणून परत येतो. आठव्या प्रश्नातले पहिले तीन आकडे सेन्सॉरच्या नव्या यूए वर्गांचे आहेत. २०२३च्या दुरुस्तीने ते तीन वर्ग झाले. तुम्ही १३ धरून चालला असाल आणि प्रेक्षक १८वर खुणा करत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

‘क्लायमॅक्स किती आवडला?’ असा प्रश्न लिहू नका. आवडलाच आहे असं गृहीत धरून तो विचारलेला आहे. ‘शेवटी काय झालं आणि ते झाल्यावर तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारा.

चर्चा

फॉर्म गोळा झाल्यावर चहा, मग आठ-दहा जणांना वीस मिनिटं थांबवा. तिन्ही गटांतले घ्या. चर्चा चालवणारा बाहेरचा असावा. दिग्दर्शक मागे बसेल आणि तोंड उघडणार नाही. त्याने एकदा ‘नाही, त्यात आम्हाला असं म्हणायचं होतं’ असं म्हटलं की समोरची माणसं सभ्य होतात आणि खरं मत तिथेच थांबतं.

सुरुवात नोंदीवरून करा. ‘काका, मगाशी तुम्ही लिफ्टच्या प्रसंगात खूप हसलात, कशाला हसलात?’ अशा प्रश्नाला माणूस विचार न करता उत्तर देतो. ‘काकू, तुम्ही डोळे झाकलेत तेव्हा पुढे काय होईल असं वाटलं होतं?’ हाही तसाच. कुणी एक जाणकार सगळं बोलत असेल तर त्याला थांबवू नका, फक्त विचारा, ‘हे अजून किती जणांना वाटलं?’ हात मोजा, आकडा लिहा, पुढच्याकडे वळा.

आपल्याकडचं सौजन्य ओळखायला हवं. ‘वेगळं आहे’ म्हणजे हसायचं की घाबरायचं ते कळलं नाही. ‘प्रयत्न चांगला आहे’ हे बहुधा सर्वांत वाईट मत असतं. ‘जरा लांबलंय’ असं आलं तर लगेच कात्री घेऊ नका. नोंदीत ‘चु’ आणि ‘मो’ कुठे सुरू होतात ते पाहा, लांबण त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत असतं. आणि उपाय सांगणाऱ्यांचे उपाय नम्रपणे ऐका, पण वहीत फक्त तक्रार लिहा. ‘हिरोईनला एक मैत्रीण द्या’ यामागची तक्रार अशी असते की ती काय विचार करते आहे हे कळत नाही. झोंबीच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट असतो, कारण तो बोलू शकत नाही. २०१३च्या ‘वॉर्म बॉडीज’ने त्यावर झोंबीच्या मनातला आवाज ऐकवण्याचा मार्ग काढला. तुमचा मार्ग वेगळा असू शकतो, पण त्याच्या मनातलं कळलं पाहिजे.

आकडे मांडताना

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बसा. स्प्रेडशीटमध्ये डावीकडे मिनिटं, मग प्रसंग, मग दोन्ही नोंदी, मग फॉर्ममधले उल्लेख. नुसती सरासरी काढू नका. भीतीला सरासरी ३ आली म्हणजे सगळ्यांनी ३ दिले असतील, किंवा पंधरांनी १ आणि पंधरांनी ५. पहिल्यात भीती मिळमिळीत आहे, दुसऱ्यात ती नेमकी आहे पण निम्म्या लोकांना नको आहे. दोन्हींवरचे उपाय अगदी उलटे. झोंबीपट पाहणारे आणि न पाहणारे यांचे गुण वेगळे लावा. तीसपैकी एक-दोघांची तक्रार बाजूला ठेवा, पाच-सहांची असेल तर प्रसंग पुन्हा पाहा, दहा किंवा जास्त जणांची असेल तर दुरुस्ती करायचीच.

दुरुस्तीची जागा मात्र तक्रारीच्या जागी क्वचितच असते. समजा, ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावर झोंबी तिला गजरा देतो. प्रसंग हळवा आहे, नोंदीत मात्र ‘६२:१० ह १२’ आणि त्याभोवती गोल. फॉर्मवर सात जणांनी लिहिलंय, ‘गजऱ्याचा सीन विचित्र.’ घाईत गजरा काढून टाकावासा वाटतो. रेकॉर्डिंग टाइमलाइनवर लावून पाहिलं की दिसतं, ६१:३५ला त्याचं बोट भेळेच्या कागदात गळून पडतं, त्यावर मोठा हशा आहे आणि तो पुरता ओसरायच्या आत हाच हात गजरा पुढे करतो. लोक गजऱ्याला हसत नाहीयेत, आणखी एक बोट पडेल म्हणून वाट बघतायत. उपाय असा की बोटाचा विनोद दीड-दोन मिनिटं मागे न्यायचा, किंवा दोन्हींच्या मध्ये तिच्या चेहऱ्याचा सहा-आठ सेकंदांचा शांत शॉट ठेवायचा आणि गजरा दुसऱ्या हातात द्यायचा. हसल्यावर प्रेक्षकाला हळवं व्हायला थोडा अवधी लागतो. घाबरल्यावर मात्र तो लगेच हसू शकतो, कारण सुटकेचं हसू तयारच असतं. म्हणून भीतीनंतर लगेच विनोद चालतो, विनोदानंतर लगेच प्रेम बहुधा चालत नाही.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरंही अशीच मिनिटांवर मांडा. शंभर मिनिटांच्या फिल्ममध्ये बहुतेकांनी सत्तराव्या मिनिटाच्या पुढचा प्रसंग लिहिला असेल तर प्रेम उशिरा सुरू झालंय. तिने त्याला जवळ करण्याचं कारण पहिल्या तीस-पस्तीस मिनिटांत पेरा. तो तिला वाचवतो, एवढं कारण पुरत नाही, कारण ‘वाचवलं म्हणून प्रेम’ हे फॉर्मवर ‘उपकार’ या शब्दात परत येतं. त्याने एखादी गोष्ट तिच्यासाठी लक्षात ठेवली, भूक असून हात मागे घेतला, असं लोकांना दिसलं की किळस असूनही ते त्याच्या बाजूचे होतात.

बदल झाले की दुसरा खेळ लावा, पण पूर्ण नव्या माणसांसमोर. पहिला ठाण्यात झाला असेल तर दुसरा वाशीत किंवा नेरूळला. पाहिलेल्या माणसाला कुठे दचकायचं ते माहीत असतं, त्याचा फॉर्म दुसऱ्यांदा उपयोगाचा नाही. फॉर्म तोच ठेवा, एकही शब्द बदलू नका, नाहीतर दोन खेळांचे आकडे शेजारी लावता येत नाहीत. नोंद घेणारे दोघेही शक्यतो तेच ठेवा. एकाला जो हशा वाटतो तो दुसऱ्याला खाकरणं वाटू शकतो.